अर्ध्यावर अडकलेला काटा

"काटा अर्ध्यावर आहे म्हणतोय ना मी!" सासरा शेडच्या दारातूनच खेकसला. "अर्धी टाकी गॅस आहे. तुझ्या डोक्यात आपलं भलतंच काहीतरी."

सून पिल्लांच्या कोपऱ्याकडे वळली. नवरा गेल्यापासून तिला बोलण्याचाच कंटाळा आला होता. रडूही आलं नव्हतं. बाया त्यावरून कुजबुजल्या, तेही तिच्या कानावरून गेलं. उठायचं, कोंबडीच्या पिल्लांना पाणी ठेवायचं, खाद्य टाकायचं. हात आपले चालत होते.

पण आज बाहेर असं गारठलं होतं की पायाखाली ढेकळं दगडासारखी वाजत होती, आणि आत पिल्लांना ऊब देणाऱ्या गॅसच्या शेगड्यांची ज्योत पार मरतुकडी झालेली. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढत होती.

"मामंजी, काटा मागल्या आठवड्यातही अर्ध्यावरच होता."

"माझा पोरगा रोज बघायचा तो काटा."

"बघायचे. पण भरवसा हातावरच ठेवायचे."

तिनं पाणी उकळून आणलं आणि टाकीच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत ओतलं. आत पातळ गॅस असतो तिथवर पत्रा गार राहतो, वरचा रिकामा भाग तेवढा ऊन होतो. नवरा असंच करायचा. तिनं हात फिरवला. काही कळेना. थंडीनं बोटं लाकडासारखी झाली होती.

"तुम्ही बघा. माझ्या हाताला काही लागत नाही."

पोरगा गेल्यावर म्हातारा टाकीजवळ फिरकला नव्हता. कुरकुरत आला. हात टेकवला, खाली सरकवला. ऊनच. कमरेत वाकला. ऊनच. मग गुडघ्यांवर बसून त्यानं गाल लावला.

"इथं गार लागतंय," तो हळूच म्हणाला. "तळाशी राहिलाय गं नुसता."

तिनं गॅसवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या येतो.

"उद्या या की. पोती घेऊन या, मेलेली पिल्लं भरायला."

पलीकडनं वही चाळल्याचा आवाज आला. मग, "निघतो," म्हणाला.

दोघांनी शेडच्या मधोमध गोणपाटं बांधली, निम्म्या शेगड्या बंद केल्या, पिल्लं ओंजळी-ओंजळीनं एका अंगाला आणली. तळची काही मेलेली निघाली. ती तिनं घमेल्यात ठेवली.

दुपारी गॅसची गाडी आली. गॅसवाल्यानं काट्यावर टिचकी मारली.

"हा कधीचा मेलाय! तुमच्या पोराला माहीत नव्हतं?"

"होतं," म्हातारा म्हणाला. "त्याला माहीत होतं. मीच कधी विचारलं नाही." आणि तोंड फिरवून उभा राहिला.

गाडी गेली. ज्योती फुलल्या. पिल्लं हळूहळू पांगली, चोची मारायला लागली. सून तिथंच तुसात भिंतीला टेकून बसली. एक पिल्लू तिच्या पावलावर चढलं, दोनदा घसरलं, मग पंख फुगवून बसलं.

"चल, दोन घास खाऊन घे," सासरा दारातून म्हणाला.

"येते," ती म्हणाली, पण तिनं पाय हलवला नाही.