चापावरचं बोट

स्पंजचा, नारंगी, बोटाच्या पेराएवढा तो कानातला बोळा चौथ्या लेनच्या मागे पडला होता. कुणाच्या तरी टाचेखाली येऊन चपटा झालेला. तो उचलायला हवा होता आणि तिला उचलावासा वाटत नव्हता. दहा मिनिटांपूर्वी तिनंच तो मास्तरांच्या तळहातावर ठेवला होता, आणि त्यांनी तिच्याकडे न बघता तो खाली टाकला होता, विडीचं थोटूक टाकावं तसा.

"माझे कान गेले त्याला वीस वर्षं झाली," ते म्हणाले होते. "आता काय वाचवतेस?"

तळघरातल्या त्या शूटिंग रेंजवर आज दोनच माणसं होती. तिसऱ्या लेनमध्ये दातांची डॉक्टर, महिन्याभरापूर्वीच शिकायला लागलेली. चौथीत मास्तर, वय शहात्तर. आणि त्यांच्या मागे, लाल रेघेच्या अलीकडे, ती. इथल्या सुरक्षेची जबाबदारी तिची. नळी कायम समोर, बोट चापापासून लांब, वळायचं असेल तर आधी पिस्तूल टेबलावर... दिवसातून वीसदा हे म्हणून म्हणून त्या शब्दांची चव गेली होती. मास्तरांपुढे मात्र आज सकाळी तेच म्हणताना जीभ अडखळली — ज्यांनी तिला हे शिकवलं त्यांनाच ते ऐकवायचं म्हणजे... "मला वाचून दाखवतेस?" ते डॉक्टरबाईंना ऐकू जाईल असं हसले. "भिंतीवरची ती नियमांची पाटी मी लावलीये. तेव्हा तुला पिस्तूल धरता येत नव्हतं. अजूनही कुठं येतंय म्हणा."

डॉक्टरबाई कसनुसं हसल्या. तीही हसली. का हसले मी? हसायची सवय किती जुनी असते... पंचवीस वर्षांपूर्वी याच छताखाली, संघ निवडायच्या दिवशी, अकरा जणांसमोर मास्तर म्हणाले होते, "हात बरा आहे हिचा. पण पोरगी घाबरट. घाबरट माणूस नेम धरत बसतो, गोळी काही झाडत नाही." तेव्हाही ती हसली होती. मागच्या बाकावर आई बसली होती, मांडीवर तिची पिशवी घेऊन. घरी जाताना बसथांब्यावर आई फक्त म्हणाली, "पाणी पितेस का?" — आणि त्या प्रश्नानं जे तुटलं ते मास्तरांच्या बोलण्यानंही तुटलं नव्हतं.

एक गोळी सुटली. मग दुसरी. मास्तरांचा उजवा हात कापत होता. बाहीच्या टोकाशी ते कापणं स्पष्ट दिसत होतं. दोन आठवड्यांपासून तिला ते दिसत होतं आणि दोन आठवडे ती स्वतःला सांगत होती, पुढच्या रविवारी बोलू.

तिसऱ्यांदा नुसताच खट् आवाज झाला.

"हे काय डबडं दिलंस मला!" म्हणत मास्तर वळले — पिस्तुलासकट वळले. नळी डॉक्टरबाईंच्या खांद्यावरून सरकली आणि तिच्या पोटासमोर येऊन थांबली. थांबली नाही खरं तर, कापत राहिली.

"फायर बंद!"

तो आवाज आपलाच आहे हे तिला जरा उशिरा कळलं. तोवर तिनं मास्तरांचं मनगट धरून नळी पुन्हा समोर, लक्ष्यामागच्या मातीच्या बांधाकडे वळवली होती, पिस्तूल काढून घेतलं होतं, गोळ्यांचं मॅगझिन खाली पाडलं होतं. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढल्यावर आतली गोळी टेबलावर पडली आणि गडगडत कडेला जाऊन थांबली. न सुटलेली, अख्खी.

"ओरडतेस कुणावर?" मास्तरांच्या ओठांच्या कोपऱ्यात थुंकी जमली होती. "तुझी लायकी काय?"

"बाहेर व्हा. बाहेर जाऊन खुर्चीत बसा आणि तिथून हलू नका."

आणि ते गेले. भिंतीला हात लावत लावत गेले. डॉक्टरबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, चेहरा हातात धरून. तिनं रिकामं पिस्तूल टेबलावर ठेवलं. पण भीतीच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी उबदार पसरत होतं, आणि ते काय आहे हे ओळखायला तिला फारसा वेळ लागला नाही. तिला बरं वाटत होतं.

नोंदवहीत दोन रकाने होते. नळी माणसाकडे वळली तर तीन महिने बंदी. नळी वळली आणि बोट चापावर होतं, तर सभासदत्व कायमचं रद्द. कॅमेऱ्यात मास्तरांची पाठ तेवढी आली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी डोळेच मिटले हो." म्हणजे उरली ती एकटीच.

बोट कुठं होतं?

तिनं लिहिलं — चापावर होतं. अक्षर नेहमीसारखंच आलं, गोल आणि स्वच्छ.

मास्तरांचा मुलगा त्यांना न्यायला आला तेव्हा त्यानं ती ओळ दोनदा वाचली. चाळिशीचा, थकलेला माणूस. "ताई, आठवडाभर ते खिडकीशी बसून असतात. आईला ओळखत नाहीत कधी कधी. या एका तासासाठी शनिवारपासून बूट पुसतात." मग आवाज खाली आणून, "तुम्ही पाहिलंत ना पण? बोट? तुम्ही पाहिलं असेल तर माझं काही म्हणणं नाही."

"पाहिलं," ती म्हणाली.

"मग तुमचे उपकारच म्हणायचे. कुणी मेलं असतं."

त्यानं वडिलांचा हात धरला. मास्तर जाताना तिच्याकडे वळून काहीतरी बोलतील, निदान शिवी देतील, म्हणून ती अंग आवळून उभी राहिली. पण ते तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघून गेले.

दुपारभर ती तो क्षण पुन्हा पुन्हा समोर आणत राहिली. पहिल्यांदा आणला तेव्हा नळीचं काळं भोक तेवढं दिसलं, बाकी सगळं धूसर. दुसऱ्यांदा मूठ दिसली. मग मुठीवरचे डाग, सुटलेली कातडी... संध्याकाळ होता होता बोटही दिसायला लागलं — चापावर वळलेलं, नखाची कड पिवळी, पेर दाबानं पांढरं पडलेलं. इतकं स्पष्ट की शपथ घेऊन सांगावं. आणि जसजसं ते स्पष्ट होत गेलं तसतशी ती स्वतःकडे बघायला घाबरू लागली. कारण सकाळी लिहिताना तिच्या आठवणीत ते बोट तिथं नव्हतं, आणि आता ते तिथून कधीच हलणार नव्हतं.