पाळणाघरावरचा लाल ठिपका

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाळणाघरासमोरच्या ओट्यावर एक मांत्रिक बाबा उभा होता. डाव्या हातात टॅब्लेट, उजवा हात रिकामा, आणि सगळ्या गल्लीचे डोळे त्या रिकाम्या हातावर.

"गावभर पसरलेली पीडा आता इथं बोलावतो!" बाबा गरजला. "ये... ये... मुकाट्यानं ये!"

त्याने काचेवर दोन बोटं टेकवली आणि हळूहळू जवळ आणली. नकाशावरचे बारके लाल ठिपके एकमेकांकडे धावले, एकमेकांत मिसळले आणि पाळणाघराच्या छपरावर एकच मोठा लाल गोळा येऊन बसला. गोळ्यात आकडा होता एकशे नव्वद.

"अगं बाई! आली की!" पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली.

"हा नकाशा माझा नाही बरं का," बाबा आवाज खाली आणून म्हणाला. "वर्तमानपत्राचा आहे. कॉम्प्युटरला काय कुणाची भीड? घर बाधित आहे, ते रिकामं करा. आणि तोवर हे मंतरलेलं पाणी न्या."

शिष्याभोवती बाटल्यांसाठी झुंबड उडाली.

भिंतीला टेकून एक बातमीदार मुलगी उभी होती. नकाशा तिचा होता. गावात तापाची साथ होती आणि नगरपालिका म्हणत होती, साथबीथ काही नाही. म्हणून तिने वर्तमानपत्राच्या साइटवर फॉर्म ठेवला होता. आजार लिहा, पत्ता लिहा, नकाशावर तुमचा ठिपका आपोआप पडेल. तपासायला मध्ये माणूस नव्हता. याच सोयीचं तिने ऑफिसात कौतुक करून घेतलं होतं.

बोटांची जादू तिला ठाऊक होती. नकाशा लहान केला की जवळचे ठिपके गोळा होतात, मोठा केला की पांगतात. शेंबडं पोरही करील. पण नकाशा कितीही मोठा केला आणि बाकीचे ठिपके पांगले, तरी या छपरावर एकशे बाराचा गोळा तसाच उरत होता. एकशे बारा आजारी माणसं एका छपराखाली कशी? हे कळल्याशिवाय तिला ओट्यावर चढून बोलण्याचा धीर होत नव्हता.

पाळणाघराच्या काकू दारात उभ्या होत्या. "पोरी, सतरा मुलं होती माझ्याकडे. आज दोन आहेत, त्यातलं एक माझंच नातवंड. तुमच्या पेपरात आलंय म्हणतात. खरं का गं?"

तिला मान वर करवेना. शेजारी घरमालक हातातलं कुलूप उगाच उघडबंद करत होता. "पाच वाजता घर बंद करतो, काकू. लोक ऐकत नाहीत, माझा नाइलाज आहे."

साडेतीन वाजले होते. ती ऑफिसकडे जवळजवळ धावतच सुटली.

"नकाशा गाजतोय," संपादक खुशीत म्हणाले. "आता काय उसवत बसलीस?"

ती स्क्रीनकडे वळली. गोळ्यातली एकेक नोंद उघडून वाचू लागली. ताप, अंगदुखी, उलट्या. पाय खुर्चीखाली सारखा हलत होता. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या. मग एक नोंद आली: "तीन दिवस ताप. डॉक्टर पोरगेला आहे, पण हाताला गुण आहे."

हे वाक्य तिने वडिलांच्या तोंडून चारदा ऐकलं होतं. तिने फोन लावला.

"अप्पा, तुम्ही आमचा फॉर्म भरलात?"

"भरला की. का, चुकला?"

"पत्ता काय लिहिलात?"

"पत्ता? छे! पत्ता दिला की दारात विक्रेते येतात. कोरा सोडला."

अप्पांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि ताप आल्यापासून ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. तिने पत्त्याचा रकाना उघडला. एकशे बारा नोंदी, सगळे रकाने कोरे. पत्ता नसला की प्रोग्राम गप्प बसत नव्हता. तो ठिपका गावाच्या बरोबर मध्यावर टाकून मोकळा होत होता. आणि गावाचा मध्य होता काकूंचं छप्पर. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"म्हणजे चूक आपली?" संपादकांचा चेहरा उतरला. "छापायची?"

"छापा, साहेब. नकाशा छापला होता तेवढ्याच जागेत. मी आधी गल्लीत जाऊन सांगते."

पाचला दहा कमी असताना ती ओट्यावर चढली.

"बाबा, पीडा तुम्हीच बोलावता की मीही बोलावू?" तिने फोनवर फॉर्म उघडला आणि मोठ्याने वाचत भरला. "आजार, माझ्या मांजराला जांभया येतात. पत्ता, कोरा. आता नकाशा मोठा करून छपरावरचा गोळा बघा."

एकशे तेरा.

"ही पीडाच हिच्या तोंडून बोलतेय!" बाबा ओरडला. पण तोवर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने फोन काढला होता. "माझ्या वजनकाट्याला सर्दी झालीय!" एकशे चौदा. मग सगळी गल्लीच सुटली. कुणाच्या सायकलीला खोकला, कुणाच्या जावयाला आळस. आकडा दीडशेच्या पुढे गेला आणि लोक पोट धरून हसू लागले.

"हसताय काय?" एक आई रडवेली होऊन म्हणाली. "माझ्या लेकीचा ताप तर खरा आहे ना!"

हसू थांबलं.

"खरा आहे, ताई," बातमीदार मुलगी म्हणाली. तिने फोनवरूनच कोऱ्या पत्त्यांच्या नोंदी काढून टाकल्या. नकाशावर पाळणाघराचं छप्पर स्वच्छ झालं. उरलेले बहुतेक ठिपके बाजारामागच्या पाण्याच्या टाकीभोवती होते. "हाही अजून पुरावा नाही. पाण्याचा नमुना उद्या तपासायला देते. तोवर उकळून प्या. आणि बाबा, तुमच्या बाटल्या कुठं भरता?"

बाबा आभाळाकडे पाहू लागला. शिष्य मात्र भोळा होता. "टाकीच्या नळावर."

एकेक बाटली गटारात रिकामी होऊ लागली. घरमालकाने कुलूप खिशात टाकलं.

"नकाशा तू केलास," काकू तिला म्हणाल्या, "मग तुला आधी का नाही दिसलं?"

"मी विचारलंच नाही, काकू. ठिपका दिसला आणि मी खूश झाले." ती गर्दीकडे वळली. "मी चुकले. बाबा सांगो, पेपर सांगो की यंत्र सांगो, हे कुठून आलं म्हणून विचारा. मला तर आधी विचारा."

मघाची ती आई काकूंच्या दाराशी आली. "बरी झाली की लेकीला सोडू ना तुमच्याकडे?"

"सोड की," काकू म्हणाल्या. "पाणी मात्र घरून दे. उकळून."