नियोनियोसचा रांजण

लाल कापडाचं एक टोक स्टामातेलानं सज्जाच्या कठड्यावरून खाली सोडलं, पण दुसरं टोक थेओपिस्तीनं मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.

"सोडा वन्सं, फाटेल."

"फाटू दे. माझ्या भावाच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होऊन तीन आठवडे नाही झाले आणि तू सज्जा सजवतेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. ईस्टरच्या शनिवारी सगळं शहर सज्जांतून रांजण फोडतं, त्यात आपला नाही, असं शेहेचाळीस वर्षांत झालेलं नाही."

"दुखवट्याच्या घरातून रांजण फोडत नाहीत. आपल्या केर्किरा बेटावर तरी नाही."

एवढं बोलून थेओपिस्तीनं कापड ओढून घेतलं, त्याची घडी घातली, ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवली आणि वर स्वतः बसली. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर काळा पोशाख. ती एकदा बसली की तिला उठवणं संतांनाही जमायचं नाही.

रांजण मात्र सज्जातच होता. कठड्याच्या उंचीच्या लाकडी पेटीवर, नुसता ढकलायचा बाकी. गेल्या ऑक्टोबरात स्टामातेलाच्या नवऱ्यानं, नियोनियोसनं, तो कुंभाराकडे जाऊन स्वतः निवडला होता. वीस रांजण बोटांनी वाजवून पाहिले, कुंभाराला वैताग आणला आणि शेवटी याच्या पोटावर थाप मारून म्हणाला, "हा बोलेल." फेब्रुवारीत तो गेला. रांजण सज्जात तसाच उभा राहिला. रोज सकाळी कॉफी उकळताना स्टामातेलाची नजर त्याच्यावर पडायची. आज हा फुटला नाही, तर पुढं वर्षभर असाच उभा राहून तो नियोनियोस नसल्याचं सांगत बसणार, हे तिला पक्कं कळत होतं. तिला तो आवाज ऐकायचा होता. बस.

दार धाडकन उघडून क्रिसान्थी आत आली. केसांतून पाणी निथळतंय, ओठ निळे, डोळे मात्र लखलखत होते. त्रिकाला गावाकडच्या सपाट मुलखातली ही बाई म्हणजे नियोनियोसनं डिसेंबरात खोली कबूल केलेली पाहुणी. "समुद्र बघा, किल्ले बघा, चित्रं बघा," असं त्यानं फोनवर तिला सांगितलं होतं, "पण शनिवारी अकरा वाजता माझ्या सज्जात उभ्या राहा." बुधवारी बोटीतून उतरल्यापासून ती एका जागी टेकली नव्हती.

"मावशी, पोहून आले! बर्फ आहे नुसता! आणि झाडं किती हो, अगदी पाण्यापर्यंत उतरलेली! आमच्याकडं झाड दिसलं की माणूस सायकल थांबवतो."

"न्यूमोनिया घेऊन जाशील गावाला," स्टामातेला म्हणाली, पण तिला हसू आवरलं नाही. "अंग पूस. आपल्या गावच्या संताची मिरवणूक निघेल आता. परत आलो की दोघी मिळून रांजणात पाणी भरू. मग अकराला खाली ढकलताना तू एका कानाला धर, मी दुसऱ्या."

"मी? खरंच मी?" क्रिसान्थीनं टॉवेल छातीशी धरला.

"वन्सं, तुम्ही येताय?"

"माझे गुडघे कुठं येतात?" थेओपिस्ती भिंतीकडं बघत म्हणाली. "जा. नाचा."

मिरवणुकीत एकामागून एक बँड आले. पितळी शिरस्त्राणं उन्हात चमकत होती, शोकाची धून सगळ्या चौकात भरून राहिली होती आणि क्रिसान्थी रडत रडत फोटो काढत होती. साडेदहाला स्टामातेलानं तिचा हात ओढला.

"एकच, मावशी! तो निळ्या गणवेशाचा बँड! तुम्ही व्हा पुढं, मी आलेच!"

स्टामातेला घाईघाईनं परतली. तिच्यामागं शिपायांनी बोळाच्या तोंडाशी दोर बांधला. जिना चढून ती आत आली. स्वयंपाकघरातली फरशी नुकतीच पुसलेली होती. थेओपिस्ती त्याच खुर्चीवर, त्याच घडीवर, हातांवरून शाल घट्ट लपेटून बसलेली. एवढ्या उन्हात शाल! पण विचारायला वेळ कुणाला होता?

सज्जात येऊन तिनं खाली पाहिलं. माणसं भिंतींना चिकटून उभी होती, माना वर, मध्ये दगडी फरशी मोकळी. दोराच्या पलीकडं क्रिसान्थी टाचा उंचावून दोन्ही हात हलवत होती.

"मावशी! सोडत नाहीत हो! मी काय करू?"

अकराला पाच मिनिटं कमी होती.

दोन माणसांचं काम, आणि पाणीही भरलेलं नाही. भरलेला रांजण पडला की तोफ डागल्यासारखा आवाज होतो. रिकामा नुसता खळकन फुटतो, त्याला कुणी मान वर करून पाहतही नाही. समोरच्या सज्जातले मान्थोस मास्तर आपला रांजण धरून तयार उभे होते. त्यांनी तिच्या उघड्या कठड्याकडं पाहिलं आणि समजल्यासारखी मान खाली घातली. तेच तिला झोंबलं.

"रिकामा तर रिकामा," ती पुटपुटली. "माफ कर रे, नियोनियोस."

तिनं दोन्ही तळवे रांजणाच्या पोटावर ठेवले आणि जोर लावला. रांजण हलला नाही. पाय रोवून पुन्हा रेटलं. ढिम्म. तिनं रांजणाच्या तोंडातून आत वाकून पाहिलं. पाणी अगदी काठोकाठ होतं. त्यात आभाळाचा तुकडा आणि तिचा स्वतःचा चेहरा.

ती वळली. थेओपिस्ती सज्जाच्या दारात उभी होती. शाल खांद्यावरून घसरलेली, काळ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"वन्सं... चौदा बादल्या तरी..."

"सतरा." थेओपिस्तीला अजून धाप होती. "बघतेस काय? रिकामा फेकला असता तर त्यानं वरून मला शिव्या घातल्या असत्या, तुला नाही. तो कान धर."

पहिली घंटा वाजली. मग सगळ्या शहराच्या एकदम. समोरून, वरून, कोपऱ्यावरून रांजण कोसळू लागले, बोळ दणाणून गेला. दोघींनी एकदम रेटा दिला. रांजण कठड्यावर टेकला, क्षणभर थबकला आणि गेला.

तो बोलला. असा बोलला की मान्थोस मास्तरांच्या काचा थरथरल्या आणि खालची सगळी गर्दी ओरडली. दोर केव्हाच तुटला होता. क्रिसान्थी पाण्यातून धावत आली, एक खापर उचलून डोक्यावर नाचवू लागली आणि काहीबाही किंचाळत राहिली.

स्टामातेला कठड्याला धरून उभी होती. डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत. दुरून पहिला बँड बोळात वळत होता, आता आनंदाची धून वाजवत.

थेओपिस्ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ती लाल घडी होती, बसून बसून चपटी झालेली.

"धर ते टोक," ती म्हणाली. "बँड खालून जाणार, आणि आपला कठडा उघडा? लोक काय म्हणतील?"