डाव्या पेटीतला घेवडा

"ताई, इथे आकडा असा का उडतोय हो?"

प्रयोगशाळेत यंदाच दाखल झालेल्या विद्यार्थिनीच्या, सगळ्यांच्या 'नवी'च्या हातात कालच आलेलं यंत्र होतं. मोबाइलएवढं, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं. नवं खेळणं मिळाल्यासारखी ती सकाळपासून ते खोलीभर फिरवत होती. खिडकीपाशी, दारापाशी, टेबलाखाली. आता ती ताईच्या खुर्चीमागे उभी होती आणि खिडकीपाशी होता त्याच्या जवळजवळ दुप्पट आकडा पडद्यावर दिसत होता.

"माणूस बसलंय ना इथे," ताई मान वर न करता म्हणाली. "माणसं श्वास सोडतात, बाई. मेल्यावर सोडायची थांबतात."

नवी खिदळली आणि यंत्र घेऊन बाहेर जिन्याकडे गेली. ताईने दोन ओळी आणखी टाइप केल्या. मग आपलंच वाक्य तिच्या डोक्यात शिरलं आणि तिची बोटं थांबली. तिने सावकाश मागे वळून पाहिलं. खुर्चीच्या पाठीला लागूनच, तिच्या खांद्याच्या उंचीवर, रोपांच्या डाव्या पेटीत हवा नेणारी नळी तोंड उघडून लोंबकळत होती.

ती नळी तिथे तिनेच आणली होती. पूर्वी दोन्ही पेट्यांच्या नळ्या खिडकीपर्यंत जायच्या. डाव्या पेटीचा पंप फार घरघरायचा म्हणून तिने प्रयोगाच्या सुरुवातीलाच तो सरकवला, नळी कापून आखूड केली. एकाच खोलीतली हवा, तिच्यात काय असा फरक असणार, असं तेव्हा वाटलं. उजेड, पाणी, माती, उष्णता, सगळं तिने दोन्ही पेट्यांत काटेकोर सारखं ठेवलं होतं. हवा तेवढी गृहीत धरली. शास्त्रज्ञ माणसं अशीच बुडतात, पोहता येतं त्याच पाण्यात.

सगळे तिला ताई म्हणत, कारण प्रयोगशाळेत दरवर्षी नवी पोरं येत आणि तिथली जुनी म्हणावी अशी ती एकटीच उरली होती. कंत्राटावरची संशोधक. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं परदेशी गेली, प्राध्यापक झाली, एक तर टीव्हीवर येऊन हवामानावर बोलायचा. ताई तिथेच. पण तिच्याकडे घेवडा होता. उजव्या पेटीत साधा आणि डाव्या पेटीत तिचा. हवेतला कार्बन पकडणारं पानातलं एक प्रथिन तिने जरासं बदललं होतं, आणि तेव्हापासून डावा घेवडा उजव्यापेक्षा जोमाने वाढत होता. त्याच उजेडात, त्याच पाण्यावर. ज्या जगात माणसं वाढतात आणि जमीन वाढत नाही, तिथे असं पान म्हणजे लॉटरीच.

त्या रोपांवर तिचा जीव होता. म्हणून तर खुर्ची डाव्या पेटीला खेटून असायची. डबा तिथेच खायचा, फोन तिथेच घ्यायचे, कुणी नसलं की रोपांशी गप्पाही तिथेच. मधे ती कावीळ होऊन घरी पडली होती तेव्हा डाव्या पेटीतली पानं उतरली होती. परत आली आणि पुन्हा फोफावली. "ताई, तुमच्या पायगुणाने वाढतात बघा," असं म्हणून सगळे हसले होते. तीही हसली होती, आणि मनातून सुखावली होती.

पायगुण नव्हता तो. तिच्या उच्छ्वासावर वाढत होती रोपं. इतकी वर्षं ती पानाची करामत म्हणून स्वतःची हवा मोजत बसली होती.

दोन दिवसांनी तिची मुलाखत होती. 'तरुण संशोधक' नावाची कायमची जागा, स्वतःची प्रयोगशाळा, स्वतःचे विद्यार्थी. ताईचं कागदोपत्री तारुण्य या वाढदिवसाला संपणार होतं, म्हणजे ही शेवटची संधी. मुलाखतीत दाखवायला तिच्याकडे एकच गोष्ट होती. डाव्या पेटीतला घेवडा.

नवीला काही कळलं नव्हतं. गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. ताईने स्वतःला हे तीनदा सांगून पाहिलं आणि मग उठून सरांच्या खोलीत गेली.

सर प्रयोगशाळेचे प्रमुख. पांढरे केस, मऊ आवाज, सभेत 'तरुणांना संधी' या विषयावर बोलायला सतत बोलावणं असलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच्या हाताने थर्मासमधला चहा तिच्यासाठी ओतला.

"मला शंका आली होती गं," ते म्हणाले. "तू आजारी होतीस ना, पानं उतरली, तेव्हाच."

ताईला आपण नीट ऐकलं की नाही ते कळेना. "मग बोलला का नाहीत, सर?"

"बोलून काय केलं असतं? अनुदान बंद झालं असतं. चार पोरं रस्त्यावर आली असती. आणि तू इतकी खुशीत होतीस." त्यांनी बशी पुढे सरकवली. "घे, गार होतोय."

"आता मी काय करू? मुलाखतीत सांगून टाकते."

"वेडी आहेस का? अजून सिद्ध काय झालंय? एका पोरीने यंत्र फिरवलं, आकडा उडाला. याला पुरावा म्हणतात? आधी रीतसर तपासणी करू. तोवर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. निश्चिंत जा. मी आहे ना."

मी आहे ना, या तीन शब्दांवर माणसं आयुष्य काढतात. ताईही त्या दिवशी घरी जाताना बऱ्याच दिवसांनी हलकी झाली होती.

मुलाखतीच्या सकाळी आईने तिची साडी स्वतः इस्त्री केली. आई निवृत्त नर्स. सुई टोचावी तसं बोलायची आणि वर, दुखलं नाही ना, असंही विचारायची.

"नीट बोल जरा. घशातल्या घशात नको. समोरच्याला वाटतं चोरी करून आलीय."

"बरं."

"आणि या वेळी घेऊनच ये. शेजारच्या काकूंना सांगून बसलेय मी, कायमची लागणार म्हणून. त्यांचा पिंट्या बँकेत मॅनेजर झाला, माझी मुलगी अजून झाडांना पाणी घालते. ऐकून ऐकून कान किटले माझे."

मुलाखत घेणारे तिघे होते. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. ताईने घेवडा दाखवला. पडद्यावर दोन रेघा वर चढत गेल्या, डाव्या पेटीची वरची. बोलता बोलता तिला आपलंच म्हणणं पुन्हा खरं वाटायला लागलं होतं. मधल्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

"दोन्ही पेट्यांना हवा कुठून येते?"

"खोलीतलीच, मॅडम."

"दोन्हींना सारखीच?"

आता सांगावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण सरांचा शब्द आठवला. "त्याची फेरतपासणी चालू आहे," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला काही शंका आहे?"

"नाही... तसं काही सिद्ध नाही झालेलं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्या बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांचा आवाज मायेचा होता, आणि तेच फार वाईट होतं.

"तुमच्या सरांचा काल फोन आला होता. नळीबद्दल त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं म्हणे. चूक कुणाचीही होते हो, त्याचं काही नाही. तुम्ही आपणहून सांगता का, तेवढंच आम्ही बघत होतो."

"सरांनीच मला बोलू नको म्हणून सांगितलं होतं," ताई म्हणाली. तिला स्वतःलाच ते बोबडं वाटलं, शाळेतल्या पोरीने दुसरीकडे बोट दाखवावं तसं.

उजवीकडचे गृहस्थ हसले. "ते तर म्हणाले, मी तिला स्पष्ट सांगायला सांगितलंय. जाऊ द्या. या तुम्ही."

घरी आल्यावर आईने दार उघडलं आणि तिच्या तोंडाकडे पाहून बाजूला झाली. "वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "आता काकूंसमोर मी काय तोंड घेऊन उभी राहू?" मग आत जाऊन तिने ताट वाढलं, आणि ताई जेवत नाही म्हणून अन्नावर राग काढू नये यावर बराच वेळ बोलली.

दुसऱ्या दिवशी ताई सरळ सरांच्या खोलीत शिरली. बोलायची वाक्यं तिने रस्त्यात पाठ केली होती. पण सर फोनवर होते, हाताने बस म्हणाले, आणि बसल्यावर पाठ केलेली वाक्यं उभ्याने बोलायची होती हे तिच्या लक्षात आलं.

"वाईट वाटलं ऐकून," फोन ठेवून सर म्हणाले. "पण अशी गोष्ट बाहेरून फुटण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी. प्रयोगशाळेचं नाव राहिलं. कुणीतरी भोगायचंच होतं. नवी कोवळी आहे, माझी निवृत्ती तोंडावर आलीय."

"आणि मी?"

"तू समजूतदार आहेस," सर म्हणाले. ते खरंच मनापासून म्हणत होते. "हे बघ, चूक झाली तर ती शास्त्राच्या कामी यायला हवी. बंद खोलीत माणसाच्या उच्छ्वासाने रोपं किती फसवतात, यावर झकास लेख होईल. नवी लिहिणार आहे. तिच्या परदेशी शिष्यवृत्तीला हातभार लागेल, या वयात अशी संधी मिळायला पाहिजे पोरांना. अडचण एकच. तीच खुर्ची, तीच नळी आणि तोच माणूस लागेल. तुझं कंत्राट वर्षअखेरपर्यंत आहेच."

ताई नाही म्हणू शकली असती. त्या क्षणी कुणीही म्हटलं असतं. पण तिच्या मनात एक वेडी आशा अजून धुगधुगत होती. उच्छ्वासाचा भाग वजा केला आणि तरीही डावा घेवडा बोटभर का होईना उंच राहिला, तर? प्रथिन तर तिने बदललं होतंच, ते काही खोटं नव्हतं. सगळं एका नळीपायी कसं जाईल? हे बघायला तरी बसायलाच हवं होतं.

म्हणून ती बसली. पुढचे कितीतरी दिवस बसली. नवीने दोन नवीन पेट्या आणल्या होत्या, एकीत साधा घेवडा, एकीत ताईचा, त्यांच्या दोन्ही नळ्या खिडकीबाहेर सोडलेल्या, आणि जुन्या पेट्या होत्या तशाच ठेवलेल्या. ताईने खुर्चीतून उठायचं नाही, खिडकी उघडायची नाही, हसायचं-बोलायचंही बेताने. नवी स्वभावाने चांगली होती. मधून मधून विचारायची, "ताई, उशी देऊ का पाठीला?"

एके दिवशी दुपारी नवीन पेट्यांमधली रोपं मोजून झाली. नवी स्टूल ओढून कॉम्प्युटरसमोर बसली, आकडे भरले आणि टाळी वाजवली.

"झालं, ताई! एकदम क्लीन आलंय. हवा सारखी केली ना, की साधा आणि तुमचा, दोन्ही सेम. काडीचाही फरक नाही. सर खूश होतील."

"परत बघ," ताई म्हणाली.

"तीनदा बघितलं हो. सेमच." नवी वळली आणि खुर्चीमागे लावलेल्या यंत्राकडे तिचं लक्ष गेलं. पडद्यावरची रेघ सरळ जायची ती भराभर वर चढत होती. तिने यंत्रावर टिचकी मारली, नळीचं तोंड तपासलं, मग ताईच्या पाठीकडे पाहिलं. ताईचा चेहरा पेटीकडे होता.

"ताई, रडताय का तुम्ही?"

"नाही गं," ताई म्हणाली. "आत्ताच जिना चढून आले ना."

ताई सकाळपासून खुर्चीतून उठली नव्हती. नवीने घड्याळात पाहिलं.

"मग हा आकडा नाही धरता येणार," ती म्हणाली, आणि तिने तो खोडून टाकला. "पाच मिनिटं शांत बसा हं. परत घेऊ."