खालच्या चिंचेची मोजणी

दहावं वटवाघूळ चिंचेवरून सुटलं, तसा बबितानं मुठीतला एक चिंचोका ओटीत टाकला. मग पुढची दहा, पुन्हा एक. दिवस मावळताना ती अशी भराभर सुटतात की तोंडानं आकडे म्हणत बसलं तर घोटाळा ठरलेला. चिंचोक्याची ही युक्ती बबिताची स्वतःची, आणि तिचा तिला भारी अभिमान होता.

शेवटचं वटवाघूळ नदीपलीकडे गेलं तेव्हा ओटीत चव्वेचाळीस चिंचोके होते, म्हणजे चारशे चाळीस वटवाघळं. तिचे डोळेच भरून आले. जिवंत होती म्हणायची सगळी!

कारण काल वरच्या चिंचेवर फक्त नऊ सापडली होती. दर खेपेला तिथं चारशेच्या वर असायची आणि इथं खाली जेमतेम तीस. वरच्या चिंचेखाली सुतळी बॉम्बचे कागद पडलेले, आणि एक मेलेली मादी. तिच्या छातीला पिल्लू अजून चिकटून होतं. शेजारीच वाळूच्या ढिगावर, वरच्या काठावर वाळू उपसणाऱ्या सुंदररावांचा मुलगा अभिमन्यू बसलेला.

"हे कावून वो, दादा?"

"दिवाळीचे उरलेले होते, पोरांनी उडवले. तू तुझं मोज की, वहिनी."

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आणि आज ही सगळी आपल्याच दारात! घरी येऊन तिनं मोजणीचा कागद भरला. जागा, तारीख, संख्या. तीनच रकाने होते. कावून, म्हणजे हे का झालं, याचा रकाना नव्हता.

हा कागद साधा नव्हता. अंबाजोगाईहून येणाऱ्या वनखात्याच्या रोहिणी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वटवाघळं जिथं जास्त तो काठ निवडायचा. तिथं तारेचं कुंपण, नवी झाडं. वाळूउपसा बंद, पेरा बंद. वरचा काठ निवडला जाणार हे साऱ्या गावानं गृहीत धरलं होतं. सुंदररावांनीही धरलं होतं. आणि तो माणूस हातावर हात धरून बसणाऱ्यातला नव्हे!

खालच्या चिंचेला लागून बबिताच्या सासूची, जानकीबाईची, वांग्याची पट्टी होती. जमीन सरकारी, कागद कसला नाही, पण तीस वर्षांची वहिवाट. बबिताचा नवरा शहादेव भावाबरोबर ऊसतोडीला गेलेला. मागं या दोघींची चूल त्या पट्टीवरच पेटायची. जीव वाचल्याच्या आनंदात बबिताला पट्टीची आठवणसुद्धा झाली नाही.

ती झाली दुसऱ्या सकाळी. मारुतीच्या देवळात मॅडमनी सगळ्यांसमोर कागद वाचला आणि म्हणाल्या, "आकडा स्पष्ट आहे. खालचा काठ."

बबिता ताडकन उठली.

"मॅडम, वर फटाके लावले त्यांनी. म्हणून ती खाली आली."

मॅडमनी कागद उलटून पाहिला. "हे तुम्ही लिहिलं नाहीत."

"रकाना न्हवता."

"लावताना पाहिलंत?"

"न्हाई. कागद पाहिले."

"बाईचा आकडा खोटा पाडू नका, मॅडम," सुंदरराव अगदी मऊ आवाजात म्हणाले. "लई इमानदार हाय ती. मी मोजलं असतं तर गोष्ट येगळी."

लोक हसले. मॅडमनी क्षणभर बबिताकडे पाहिलं आणि खाली सही केली. पट्टी मोकळी करायला आठ दिवस दिले.

आणि वर बबिताचा सत्कार! सुंदररावांच्या पत्नी तुळजाबाई खण, नारळ, तांदूळ घेऊन पुढं आल्या. गोड बोलून गळा कापतात तो असा. पण भरली जाणारी ओटी कोण नाकारतं? भरल्या देवळात अपशकुन नको म्हणून बबितानं पदर पसरला. जानकीबाई खांबाला टेकून बघत होती. ओटी भरून झाली तशी ती उठून चालू लागली.

बबिता पट्टीवर पोचली तेव्हा सासूनं पदर खोचून वांग्याची झाडं उपटायला घेतली होती. झाडांना वांगी लगडलेली. वर चिंचेत वटवाघळांची किचकिच चाललेली.

"आत्याबाई, आठ दिस हायेत अजून."

"त्यांच्या हातानं उपटून घेऊ व्हय?"

बबितानं नारळ बांधावर ठेवला आणि वाकून एका झाडाला हात घातला. म्हातारीनं तो हात झटकला.

"तू नको उपटू. तू मोज."

"आत्याबाई..."

"मोज म्हनते ना. लई चांगलं मोजाय येतं तुला. सारं गाव म्हनतंय."

बबिता बांधावर बसली. जानकीबाई एकेक झाड उपटून तिच्या पायाशी टाकत गेली. मुळांची माती तिच्या नव्या खणावर उडत होती. मग म्हातारी थांबली. कमरेवर हात ठेवून वाट बघत उभी राहिली.

"किती झाली?"

कालचे चिंचोके कमरेच्या चंचीत तसेच होते. बबितानं काढले नाहीत.

"धा," ती म्हणाली.

जानकीबाई अकराव्या झाडाकडे वळली.