तक्रारी थांबल्या तेव्हा

पुरस्काराच्या दिवशी, स्टेजमागच्या खोलीत, लेकीनं आईची वेणी हातात धरून कौतुकानं बघितली. "काय घट्ट बसलीये! माझा कंगवा आहेच तसा. चल, सोडते आता. स्टेजवर पुन्हा घालून दाखवायचीये, एकदा सराव कर."

आईनं डावा हात वेणीवर ठेवला. पण लेकीचं लक्ष कुठं होतं?

लेकीला कारखान्यातल्या बायका तोंडावर मॅडम म्हणायच्या आणि पाठीमागे कंगवेवाली. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. कंगवाच तसा काढला होता तिनं! चिमट्यानं खुर्चीच्या पाठीला अडकवायचा. वर तीन खाचा, एकेका खाचेत केसांचा एकेक पेड धरून राहतो, आणि एक हात निकामी झालेली बाई दुसऱ्या हातानं आपली आपण वेणी घालते. ऑफिसात तिनं एका बाईचं पत्र चौकटीत लावून ठेवलं होतं: 'आता मला कुणाची वाट बघावी लागत नाही.'

सुरुवात आईपासूनच झाली होती. सहा वर्षांपूर्वी आईचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा लेक रोज सकाळी तिची वेणी घालायची. वेणीला पाच मिनिटं लागायची आणि गप्पांना पाऊण तास. एक दिवस आई सहज बोलून गेली, "किती दिवस माझं ओझं वाहशील गं?" लेकीच्या ते जिव्हारी लागलं. त्याच आठवड्यात तिनं पहिला कंगवा बनवला.

आई परीक्षक म्हणून मोठी खडूस निघाली. खाच अरुंद आहे, दाते टोचतात, चिमटा सैल आहे. तक्रार आली की लेक कानस घेऊन हजर. आईसमोर बसून घासायची, हसायची, आणि जाता जाता वेणी घालून द्यायची. मग कारखाना उभा राहिला, लेक तिकडंच राहायला गेली, आणि तक्रार आली की ती फिटरला धाडायला लागली. फिटर दोनदा जाऊन आला आणि तक्रारी एकदम थांबल्या. 'झालं, जमलं!' म्हणत लेकीनं त्याच दिवशी साचा पक्का केला.

आता आईनं डाव्या हातात कंगवा घेतला. उलटा धरला. मग सुलटा केला, खुर्चीला लावायला गेली, तो निसटून खाली पडला.

"हा कसा लावायचा होता गं?" तिनं हळूच विचारलं.

लेकीनं खाली पडलेला कंगवा उचलला. "आई, मग रोज वेणी कोण घालतं?"

"समोरची." समोरची म्हणजे समोरच्या दारातली, नोकरीतून मोकळी झालेली नर्स.

"कधीपासून?"

"चार वर्षं होतील आता."

"आणि त्या तक्रारी? अरुंद खाच, सैल चिमटा?"

"काही खऱ्या होत्या," आई म्हणाली. "बाकीच्या... तू यायचीस ना गं बघायला. मग फिटर यायला लागला. त्या बिचाऱ्याला कशाला उगाच हेलपाटे घालायला लावू?"

 ज्या दिवशी साचा पक्का करून लेक सगळ्यांना पेढे वाटण्याइतकी खूश झाली होती, त्याच दिवशी आईनं तिची वाट बघणं सोडून दिलं होतं. तिला ओरडून रडावंसं वाटलं. पण बाहेर नाव पुकारायची वेळ झाली होती आणि आईचे केस मोकळे होते. तिनं साधी फणी घेतली.

किती विरळ झाले होते केस! तिला माहीतच नव्हतं. कानामागं फणी गेली तशी आई कळवळली.

"हळू. समोरची तिथून फणी फिरवत नाही."

केस बाजूला करून लेकीनं बघितलं. बोटभर लांब, टाके घातल्याचा व्रण.

"हे कधी झालं?"

"मागच्या वर्षी पडले होते. तुझं ते परदेशातलं प्रदर्शन होतं ना तेव्हा. समोरची होती, काही अडलं नाही."

लेकीनं पेड घालायला घेतले. चार वर्षांत सवय गेलेली. वेणी सैल झाली, वाकडी झाली. "छान झाली," आई न बघताच म्हणाली.

स्टेजवर निवेदिकेनं प्रात्यक्षिक मागितलं. "चारचौघांत केस सोडून बसू का आता या वयात?" आई म्हणाली आणि सभागृह हसलं.

"बरं, पण ही आजची वेणी कुणी घातली?"

लेकीनं मान खाली घातली. आता आई खरं सांगेल आणि ते सांगायलाच हवं, असं तिला वाटलं. चार वर्षांत आज पहिल्यांदाच ही वेणी लेकीनं घातली होती.

"मीच," आई ठासून म्हणाली. "माझ्या लेकीच्या कंगव्यानं. आता मला कुणाची वाट बघावी लागत नाही."

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आईच्या पाठीवर वेणी शेवटाकडून सुटत चालली होती. लेकीला ती दिसत होती, पण तिचे दोन्ही हात पुरस्कारानं अडकले होते.