आमच्या पाहुण्या
दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी सात मानसोपचारतज्ज्ञ इस्पितळाच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमत, आणि त्या बैठकीला मंडळ म्हणत. जगाचं डोकं ताळ्यावर आणणारी ही माणसं एकमेकांचं ऐकताना मात्र घड्याळाकडे बघत. मंडळाला तीस वर्षं झाली, तेव्हा त्याचा इतिहास लिहायचं काम चिटणीसबाईंच्या गळ्यात पडलं. उरलेल्या सहा पुरुषांपैकी कुणाचंच अक्षर म्हणे वाचता येत नव्हतं.

मंडळाचा एक रिवाज होता. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, त्याला 'पाहुणा' म्हणायचं. वय, तक्रार, हकिकत सांगून झाली की मंडळ काढणारे सर निदानाबद्दल विचारणार, "पाहुण्याला सांगितलंय का?" मध्ये कुणी हसलं तर चिटणिसाने कंसात 'हशा' लिहायचं.

जुन्या वह्या चाळताना बाईंना एक पान सापडलं, त्या स्वतः मंडळात यायच्या सहा महिने आधीचं. 'पाहुणी. वय एकोणतीस, स्वतः डॉक्टर. आई गेल्यापासून रोज संध्याकाळी आईच्या घरचा बंद झालेला नंबर फिरवते आणि दिवसभराचं सगळं सांगते. (हशा.)' सांगणारे: सर.

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. ही गोष्ट त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या सरांना. आणि मंडळात पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, "या, आमच्या पाहुण्या आल्या!" सगळे खो खो हसले होते. आपलेपणा समजून त्याही हसल्या होत्या. बावीस वर्षं त्या या लोकांची इतिवृत्तं सुवाच्य अक्षरात लिहीत आल्या होत्या.

शनिवारी त्या वही घेऊनच गेल्या. शेजारी बसणाऱ्या टकलू डॉक्टरांनी पान बघितलं आणि ते पांढरेफटक पडले.

"ताई, जुनी गोष्ट आहे," ते कुजबुजले. "सरांचं वय बघा. इतिहासातून हे गाळून टाका."

"गाळते की. आज पाहुणा मी आणलाय."

बाईंनी सुरुवात केली. "वय एकोणऐंशी, स्वतः डॉक्टर. एकच किस्सा एका दुपारी तीनदा सांगतो. शब्द सापडला नाही की विनोद करून वेळ मारून नेतो. परवा घरी जायला निघाला आणि स्वतःच्या बंद झालेल्या दवाखान्याच्या दारात दीड तास उभा राहिला. मित्रांना सगळं ठाऊक आहे, पण कुणी तोंडातून ब्र काढत नाही."

बाकीच्या पाचही जणांनी माना खाली घातल्या. बाई सरांकडे टक लावून बघत राहिल्या. त्यांना तो चेहरा उतरलेला बघायचा होता. बावीस वर्षांचं उट्टं काढायचं होतं.

सर पुढे झुकून मन लावून ऐकत होते.

"दीड तास?" ते म्हणाले आणि मोठ्याने हसले, नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी. "झकास पाहुणा आणलास गं! त्याला सांगितलंय का?"

"आत्ताच सांगितलं, सर."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि हकिकत उतरवली. शेवटी कंसात 'हशा' लिहिलं. जरा थांबल्या, आणि पुढे तितक्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'फक्त पाहुण्याचा.'